मेंदीला पाजलेलं गोडं पाणी

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. शाळेत गुरुजी म्हणायचे, कोकिळा, तुझी वही पाहिली की पऱ्हाटीच्या वावरातून गाय पळाल्यासारखं वाटतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि ती गाय तशीच मोकाट राहिली. ‘न’ कुठं आणि ‘ण’ कुठं हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्याकडे बोलताना दोन्ही एकच असतात, मग लिहिताना त्यांची वेगवेगळी चूल कोणी मांडून दिली कोण जाणे. हे मी दुसऱ्यांदा उतरवते आहे, आणि या वेळी नातीच्या पुस्तकात पाहून शब्द नीट करून घेतले. तरी जे राहिलं असेल ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं कोणी आहे असंही नाही. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा लिहिते आणि पानं तांदळाच्या डब्याखाली सरकवून ठेवते. सुनेला वाटतं मी झोपते.

माझं नाव कोकिळा ठेवलं, आणि नाव ठेवून झाल्यावर आवाज द्यायचं राहून गेलं. म्हणजे घरात मी बोलायची, पण परक्या माणसासमोर जीभ टाळूला चिकटायची. कोणी काही विचारलं तर मी मान हलवायची. ती मान ‘हो’ची की ‘नाही’ची, हे विचारणारा आपल्या सोयीनं ठरवायचा. एरवी या सवयीनं कोणाचं काही बिघडत नव्हतं. अकोल्याला मात्र बिघडलं, आणि ते सांगायलाच मी बसले आहे.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडं जमिनीखाली पाणी आहे, पण कोणी समुद्रातून आणून लपवून ठेवल्यासारखं. गावात दोन विहिरी होत्या, एक खारी आणि एक गोडी. खाऱ्या विहिरीवर धुणं आणि ढोरं, गोड्या विहिरीवर माणसं. बादलीच्या काठावर पांढरं साचायचं, माठाला बाहेरून पांढरी पुटं चढायची, तुरीची डाळ शिजता शिजता स्वयंपाकघरातली बाई म्हातारी व्हायची. पाण्याचा स्वभावच तो, असं आम्ही समजायचो. गोड्या विहिरीचं पाणी गोड, हे आम्हाला आई-बाप समजायला लागले त्याच वयात समजलं होतं. त्यावर पुन्हा विचार करायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. पारावर बसणारी माणसं बोलेनाशी झाली होती. मी आधीच बोलत नव्हते, त्यामुळे माझ्यात काही फरक पडला असेल तरी कोणाला कळला नाही. बाबा एक दिवस आईला म्हणाले, “कोकीले अकोल्याले धाड तुह्या बहिनीपाशी. तिथं दोन घास सुखाचे खाईन, अन् शहरातलं एखादं स्थळ बी येईन.” तेव्हा मी अठराची असेन. आईनं ज्वारीच्या पिठाचं गठुडं, मुगाच्या वड्या आणि तिखटाची पुडी बांधून दिली, आणि मी एसटीत बसले.

मावशी पाटणीच्या चाळीमागच्या एका कॉलनीत वकीलीणबाईंकडे स्वयंपाकाला होती. वकीलसाहेब वारले होते. पुढं बंगला, मागं एक खोली. त्या खोलीत मावशी विधवा झाल्यापासून राहत होती, भाडं नाही, फक्त दोन वेळचा स्वयंपाक. मावशीच्या हातची पातोडीची भाजी खाल्ली की माणूस ताटाकडे पाहत बसायचा, आता काय उरलं जगात म्हणून. वकीलीणबाई उंच, कोरड्या, पांढऱ्या लुगड्याच्या. दिवसभर व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांची उलटतपासणी घ्यायच्या. वकिली साहेबांनी केली, पण मुरली ती बाईंच्यात, असं मावशी म्हणायची. घरात आवाज तीन. कुकरची शिट्टी, खांडव्याकडच्या छोट्या गाडीची शिट्टी, आणि बोअरच्या मोटारीची घरघर. बोअर सुधीरदादानं आदल्या वर्षी मारून दिलं होतं. सुधीरदादा म्हणजे बाईंचा एकुलता मुलगा, अमरावतीला इंजिनिअर.

आणि बंगल्याच्या तिन्ही बाजूंनी मेंदी होती. साहेबांनी लग्नाच्या साली हातानं लावलेली, छातीएवढी उंच. पण मी आले तेव्हा तिची दशा पाहवत नव्हती. खालून उघडी, मधे मधे खिंडारं, पानं पिवळी आणि टोकं जळलेली. भटकी कुत्री तिच्यातून अशी ये-जा करायची जशी काही त्यांच्यासाठी दारं ठेवली आहेत.

दुसऱ्याच दिवशी वकीलीणबाईंनी मला समोर उभं केलं.

“शेतकऱ्याची पोरगी ना तू?”

मी मान हलवली.

“मंग हे पाय. सुधीर म्हनते, मेंदी मेली, काढून टाकू अन् रस्त्याच्या बाजूनं भिंत घालून गाळे काढू. गाळे काढले तं त्याइचा माल ठेवाले मागची खोली जाते. मी त्याले म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीले येशीन तवा हिरवी दिसली तं राहीन, नाही तं तुह्या मनासारखं कर. तो हो म्हनला. आता तुह्या मावशीची खोली अन् माह्या साहेबांची मेंदी, दोनी तुह्या हातात. जमन ना?”

मी पुन्हा मान हलवली. ती नाहीची होती. बाईंनी होची धरली.

मावशीनं मागच्या खोलीत येऊन कपाळाला हात लावला. “कोके, खोली गेली तं मी कुठी जाऊ व? तुह्या बापाच्या घरी? तिथं तुलेच जागा नाही.” ते खरं होतं.

शहरातल्या लोकांना वाटतं, शेतकऱ्याच्या पोरीला झाडांचं सगळं आपोआप समजतं. मला निंदणं येत होतं, कापूस वेचणं येत होतं, तुरी झोडणं येत होतं. पण नुसतं शोभेला लावलेलं झाड मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे कुंपण म्हणजे बोरी-बाभळीच्या काट्यांची फासं. ते मेलेलंच असतं, त्यामुळे त्याला आजारी पडायची भानगड नसते. जिवंत कुंपणाला काय लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

मग जे येत होतं ते केलं. पाणी घातलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बोअरची मोटार लावून, बुंध्याशी पाणी उभं राहीपर्यंत. नळ अकोल्यात चार-सहा दिवसांनी यायचा, ते पाणी मोजून वापरायचं. बोअरचं मात्र वापरायला भरपूर होतं. धुणं, भांडी, कूलर, झाडं सगळं त्यावर. प्यायला नाही. बाई म्हणायच्या, जमिनीतलं पाणी प्यायलं की सांधे धरतात. मी पहिल्याच दिवशी ओंजळीनं पिऊन पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. थेट आमच्या गोड्या विहिरीची चव. नळाचं पाणी मला फार फिकं लागायचं, जणू उकळून त्यातला जीव काढून घेतला आहे. मी मागच्या खोलीत माझा वेगळा माठ ठेवला आणि तो बोअरनं भरत राहिले. मावशीला वाटायचं, पोरगी किती समजूतदार, नळाचं पाणी आमच्यासाठी वाचवते.

मेंदीची तब्येत मात्र माझ्या सेवेनं जास्तच ढासळली. पिवळी होती ती तपकिरी झाली. मी पाणी वाढवलं. शेजारच्या बाईंनी आंबट ताक सांगितलं, ते घातलं, त्यावर मुंग्या आल्या. मावशीनं शनिवारी लिंबू-मिरची बांधली, ती बकरीनं मिरचीसकट खाल्ली. बुंध्याशी माती सिमेंटसारखी घट्ट झाली होती आणि वर पांढरी साय धरायला लागली होती. पांढऱ्या सायीचं मला काही वाटलं नाही. आमच्या गावी अंगणात ती असतेच.

शेवटी मी कृषी केंद्रात गेले. आमच्याकडे पीक पिवळं पडलं की माणूस कृषी केंद्रात जातो आणि बाटली घेऊन येतो, एवढं मला पाठ होतं. दुकानदार गजाननभाऊ आमच्याच भागातले, बाबांना ओळखणारे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या वर्षी एकाही दुकानात नव्हतं.

“काय पायजे, पोरी?”

“पिवळं पडलं.”

“कोन्तं पीक?”

“मेंदी.”

भाऊ सरळ होऊन बसले. “मेंदी लावली? किती एकर?”

एकर कसले सांगणार? मी म्हटलं, “कुंपन हाय.” आवाज इतका खाली गेला होता की अर्धा शब्द माझ्याच पदरात पडला.

“कंपनी हाय? कंपनीची लागवड हाय काय?” भाऊंचा चेहरा उजळला. “मी म्हनतच होतो, आता कापसात काई नाही, कंपन्या येतीन, मेंदी न् फिंदी लावतीन. कोन्ती कंपनी?”

मी गप्प. भाऊंनी समजुतीनं मान डोलावली. “नाव नाही सांगू देत ना? मालूम हाय मले. बरं, पैसे कवा देनार कंपनी?”

मला एकच तारीख ठाऊक होती. “दिवाळीले,” मी म्हटलं.

“मंग तवा दे.” आणि त्यांनी मला एक टॉनिकचा मोठा डबा दिला, फवाऱ्याचा पंप दिला, वर औषध चिकटून राहावं म्हणून आणखी एक बाटली दिली. साडेचारशे रुपये माझ्या नावावर लिहिले. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर डबा माझ्या डोक्यावर होता. वऱ्हाडात त्या वर्षी कर्ज पुष्कळांच्या डोक्यावर होतं, पण कुंपणासाठी काढलेलं माझं एकटीचंच असेल.

ते टॉनिक मी मेंदीला मारलं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण एकरी होतं आणि मला एकराचे हात करता येत नव्हते, म्हणून अंदाजानं जरा सढळ टाकलं. तीन दिवस कॉलनीला कुजलेल्या माशाचा वास येत होता. बाईंनी नाकाला पदर लावून व्हरांडा सोडला, आणि रस्त्यावरच्या माणसांना प्रथमच कोणी अडवेनासं झालं. मेंदीची उरली होती ती पानंही गळली. मी पाणी आणखी वाढवलं. त्यानंतर बाजारात, देवळापाशी, कुठंही गजाननभाऊ दिसले की सायकल थांबवून विचारायचे, “काय म्हनते कंपनी?” मी मान हलवायची आणि ते समाधानानं पुढं जायचे.

उन्हाळा भर चढला तेव्हा मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. शेंदूरजनाघाटचे, स्वतःचा संत्र्याचा बगीचा असलेले. मुलगा आणि त्याचे वडील आले. मागची खोली लहान म्हणून वकीलीणबाईंनी आपली बैठक दिली, आणि उलटतपासणीची सोय होईल म्हणून स्वतःही बसल्या. मावशीनं पोहे केले, वर ओलं खोबरं, शेव. चहा मात्र मी करावा असं ठरलं, कारण चहा मुलीनं केला असं सांगायचं असतं. नळ आला नव्हता. मावशीनं घंगाळात नळाचं पाणी खास राखून ठेवलं होतं आणि मला बजावलं होतं, हेच घे. मी ते घंगाळ पाहिलं. एवढ्या लांबून आलेली माणसं, त्यांना हे शिळं फिकं पाणी द्यायचं? माझ्या मनाला पटलं नाही. मी माझ्या माठातलं घेतलं. दूध घातल्यावर चहा जरा फाटल्यासारखा झाला, पण गाळून घेतला तेव्हा दिसायला बरा दिसला.

मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला आणि कप ओठांपाशीच धरून ठेवला. मुलगा धीट. त्यानं एका दमात अर्धा कप घेतला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं गिळला. त्याच्या आईनं त्याला चांगलं वळण लावलं असणार.

वकीलीणबाईंनी एक घोट घेऊन कप बशीत ठेवला. “शांते, साखर समजून मीठ टाकलं काय व?”

“चाय कोकीनं केली बाई,” मावशी म्हणाली. तिचा चेहरा पोह्यांतल्या खोबऱ्यासारखा झाला होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान हलवून भागण्यासारखं नव्हतं. “साखरच टाकली,” मी म्हटलं.

“मंग पानी कोन्तं घेतलं?”

“माह्या माठातलं. गोडं.”

“तुह्या माठात कोन्तं असते?”

“बोअरचं.”

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. “बाई, मले एक गिलास त्या माठातलं पानी आना बरं.” मी आणलं. त्यांनी ते तोंडात घेऊन फिरवलं, उठून व्हरांड्यात गेले आणि गुळणी टाकली. ती गुळणी जिथं पडली तिथंच ते बघत राहिले. मग चपलेच्या टोकानं मेंदीच्या बुंध्याची माती उकरायला लागले. माती उकरेना. त्यांनी वाकून पांढरी साय बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

“ह्या मेंदीले बी हेच पाजता काय?”

“रोज,” मी म्हटलं. “सकाळ-संध्याकाळ.” खरं सांगते, ते मी थोडं अभिमानानंच सांगितलं.

“अन् तू बी हेच पेतं?”

“हो.”

“कसं लागते तुले?”

“गोड.”

आपल्या भागात न येणारं एखादं झाड दुसरीकडे डौलात उभं दिसावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग मावशीकडे वळून विचारलं, “गाव कोन्तं म्हनलं तुमी पोरीचं?” मावशीनं सांगितलं. “हां,” ते म्हणाले, आणि त्या एका ‘हां’मध्ये आमचा सगळा खारपाणपट्टा येऊन गेला.

त्यानंतर ते लग्नाचं साफ विसरले. बगीचेवाला माणूस, आजारी झाड दिसलं की त्याला दुसरं सुचत नसावं. त्यांनी व्हरांड्यातच मांडी घातली आणि बाईंना समजावून सांगितलं. खारं पाणी काळ्या मातीत रोज मुरवलं की माती आवळते, मुळांना हवा मिळत नाही, झाड पाण्यात उभं राहून गुदमरतं. बोअर मारल्यापासूनच मेंदी बिघडली असेल, पाहा आठवून. बाईंनी आठवलं. तसंच होतं. “या पोरीनं सेवा केली, पन सेवा पिरमानाभायेर झाली,” ते म्हणाले. आता पाणी बंद. माती खणून मोकळी करायची, जिप्सम आणि शेणखत मिसळायचं, आणि मेंदी गुडघ्याइतकी छाटून टाकायची. पावसाळ्याचं पाणी मीठ खाली धुऊन नेईल. “जीव असन तं फुटन,” ते म्हणाले.

मुलगा तोवर पोहे खात होता. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चव घालवण्यात गुंतला होता.

आठवड्यानं निरोप आला. पोरगी चांगली हाय, पन आमच्या इकडलं पानी तिले मानवनार नाही. मावशी रडली. मला काही विशेष वाईट वाटलं नाही. संत्र्याच्या बागेत मला जन्मभर फिकं पाणी प्यावं लागलं असतं. पुढं मला अकोल्याचेच मालक मिळाले, आणि पाहायला आले तेव्हाचा चहा मावशीनं स्वतः केला. आता घरात फिल्टर आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं आहे. त्या फिल्टरच्या पाण्याला काय चव असते, ते माझं मला माहीत. घरात कोणी नसलं की मी ग्लासात चिमूटभर टाकते. लिहिते आहे ते कोणी वाचणार नाही म्हणून हेही लिहून ठेवते.

मेंदी छाटायच्या दिवशी वकीलीणबाईंनी आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून लावून घेतली. “माह्या समोर कापू नको,” म्हणाल्या. मी मागून कापत गेले आणि त्या न वळता विचारत राहिल्या. “किती झालं?” “दारापर्यंत.” “मोठी खोडं बी?” “हो.” “साहेबांच्या हातचं खोड आहे ते, जरा हळू.” मी वळून पाहिलं तर भिंतीकडे तोंड करूनच त्या पदरानं नाक पुसत होत्या. मीही कोयता जरा हळू चालवला. खोडाला त्याचा काय उपयोग होता ते मला माहीत नाही.

छाटून झाल्यावर बंगल्याभोवती नुसत्या काटक्या राहिल्या. कॉलनीतले लोक थांबून म्हणायचे, चला, झाली म्हणायची भिंतीची तयारी. मावशी खोलीतलं सामान नजरेनंच बांधायला लागली होती. पितळी डबे किती, गादी एक, देव्हारा कोण घेईल. मी कुदळीनं माती फोडायची, ती ढेकळं हातानं चुरायची, त्यात खत मिसळायची. मोटारीचं बटण दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा. पाणी न घालणं हे मला त्या वर्षातलं सगळ्यात कठीण काम गेलं. आषाढ निम्मा झाला तरी काही नाही. मग एका सकाळी मी बुंध्याशी बसले होते, तर सालीवर तांबूस ठिपके दिसले, तिळाएवढे. मला वाटलं कीड. नखानं खरवडायला गेले आणि थांबले. ते डोळे होते. मी उठून व्हरांड्यापर्यंत पळत गेले आणि बाईंना ओरडून सांगितलं, “बाई, फुटली.” माझा एवढा मोठा आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. मावशी आतून लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं चोर.

दिवाळीला सुधीरदादा अमरावतीहून आला तो गवंड्याला घेऊनच. गवंड्याच्या हातात टेप होता. मेंदी तेव्हा मांडीपर्यंत आली होती, पण इतकी दाट की मांजरीलाही वळसा घालून जावं लागत होतं. सुधीरदादा फाटकातच उभा राहिला.

“आई, ही तं अर्धी झाली.”

“दाट झाली,” वकीलीणबाई म्हणाल्या.

“उंची कुठी गेली?”

“हिरवी असली तं राहीन, असं बोलनं झालं होतं. उंचीचं बोलनं नव्हतं झालं.”

“आई, गाळ्यांचं भाडं येईन ना तुले.”

“हिरवी हाय का नाही, एवढं सांग.”

मी आणि मावशी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होतो. मावशीनं माझं मनगट धरलं होतं आणि चकली तळणीत काळी होत होती. सुधीरदादा मेंदीच्या कडेनं चालायला लागला. गवंड्याला वाटलं, मालकांचं ठरलं. तो टेप उलगडत म्हणाला, “साहेब, बांधकामाले पानी कोन्तं?”

“बोअर आहे ना आपलं.”

गवंड्यानं नळाखाली हात धरला, जिभेला लावला आणि हात पायजम्याला पुसला. “या पान्यात भिंत बांधली तं दोन सालात लोना येते साहेब. पोपडे निंघतीन. टँकर लागन गोड्या पान्याचा. चुन्यापासून छतापर्यंत सारं टँकरवर.”

“किती लागतील?”

गवंड्यानं आकडा सांगितला. सुधीरदादानं आईकडे पाहिलं. वकीलीणबाईंनी आकाशाकडे पाहिलं. बोअर त्यानंच मारून दिलं होतं.

“राहू दे मंग औंदा,” तो म्हणाला. “पुढच्या साली पाहू.” पुढच्या साली त्यानं पाहिलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मावशी त्या खोलीत शेवटपर्यंत राहिली. त्या संध्याकाळी तिनं काळ्या झालेल्या चकल्या बाजूला काढल्या नाहीत, आम्ही दोघींनी त्याच खाल्ल्या.

राहिले माझे साडेचारशे. दिवाळी उलटली होती आणि मी बाजाराचा रस्ता बदलला होता. त्या वर्षी रमजानची ईद दिवाळीच्या मागोमाग आली. बांगड्यांचं टोपलं घेऊन नूरजहाँचाची कॉलनीत यायच्या, त्यांनी फाटकाशी थांबून एक डहाळी तोडली, तळहातावर चुरडून वास घेतला. “बाई, ये पत्ता मुझे दो. बाजार की मेंदी में आजकल मिट्टी आती है. सुखा के, कूट के दोगे तो अच्छे दाम दूँगी.” वकीलीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. “पानं तुही,” म्हणाल्या, “खोड साहेबांचं. खोडाले हात लावू नको.”

मी पानं सावलीत वाळवली, खलबत्त्यात कुटली, लुगड्याच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली. मागच्या खोलीत सगळं हिरवं झालं. मावशीच्या पोळ्यासुद्धा. ईदच्या आधी चाची एकदा घेऊन गेल्या, आणि मग लग्नसराई लागली तेव्हा आणखी. थोडे थोडे करत पैसे जमले, आणि एका दुपारी मी गजाननभाऊंच्या दुकानात जाऊन ते गल्ल्यावर ठेवले. माझी बोटं तेव्हा केशरी होती.

भाऊंनी मोजले. “देल्ले कंपनीनं?”

मला ते तसंच राहू द्यायचं नव्हतं. “कंपनी नाही भाऊ,” मी म्हटलं, आणि या वेळी नीट ऐकू जाईल असं म्हटलं. “कुंपन होतं. वकीलसाहेबांच्या घराचं.”

“मले मालूम हाय.”

“कवापासून?”

“जेठात तिकून गेलो होतो. पायलं, तू माती फोडून राहिली अन् काड्या उभ्या आहेत नुसत्या. म्हटलं, गेले गड्या साडेचारशे.”

“मंग कंपनी कंपनी काहून करत होते?”

“आता घरच्या कुंपनाचे पैसे मांगाले कसं तरी वाटते,” भाऊ म्हणाले. त्यांनी नोटा रबरात घातल्या आणि माझ्या नावावर एक आडवी रेघ ओढली. मग वही मागं मागं चाळत गेले, पान, पान, पान. कुठंच दुसरी रेघ नव्हती. “औंदा माह्या दुकानाची उधारी पुरी फेडली,” ते म्हणाले, “ते एकट्या तुह्या कुंपनानं.”